जुनी चूल मोडण्याआधी



भात झोडून घरात आलं, पेंढा रचून झाला, की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर घराच्या डागडुजीचे दिवस सुरू होतात. कुणी ओटा नव्याने घालतं, कुणी पडवी वाढवतं, कुणी फुटकी कौलं बदलतं. याच दिवसांत आणखी एक काम उरकून घ्यावं, ते सांगण्यासाठी आजचं हे भाषण आहे. ते काम म्हणजे स्वयंपाकघरातली धुराची जुनी चूल मोडून तिच्या जागी धुराडं असलेली, कमी लाकडात जास्त काम देणारी चूल बांधणं. दिवाळी ते शिमगा हा त्याचा खरा हंगाम. हवा कोरडी असते, माती सावकाश आणि पक्की वाळते. आगोटीच्या घाईत बांधलेली चूल आतून ओली राहते आणि ऐन पावसात तडकते.

आता तुम्ही म्हणाल, घरोघरी गॅस आलेला असताना चुलीची गोष्ट कशाला? प्रश्न बरोबर आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतही गॅसची शेगडी पोचली. धुराच्या दृष्टीने गॅस चुलीपेक्षा कितीतरी चांगला, यात शंका नाही. ज्यांना सगळा स्वयंपाक गॅसवर परवडतो त्यांनी तो खुशाल गॅसवरच करावा. पण प्रत्यक्षात काय दिसतं? चहा आणि वरण गॅसवर, तर भाकरी, भाताचं मोठं पातेलं आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. टाकी पुरवून वापरायची असते आणि वाडीत चुडतं, सोडणं, करवंट्या, सुरूच्या फांद्या पडलेल्या असतात. म्हणजे गॅस आला, पण धूर गेला नाही. जोवर घरात चूल पेटते आहे, तोवर ती चांगली असली पाहिजे.

जुन्या चुलीत बिघडतं कुठे ते आधी पाहू या. हिशेब सोपा आहे. पाच लिटर गार पाण्याला उकळी आणायला सुमारे ३६० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात साधारण ४००० किलोकॅलरी असतात. म्हणजे सगळी उष्णता पाण्याला मिळाली तर नव्वद-शंभर ग्रॅम लाकूड, दोन-चार काटक्या, पुरायला हव्यात. पण तीन दगडांच्या किंवा उघड्या मातीच्या चुलीत शंभरातली दहाच्या आसपास उष्णता भांड्याला मिळते. बाकीची तोंडातून, बाजूंनी आणि धुराबरोबर निघून जाते. त्यामुळे त्याच पाच लिटरला जवळजवळ एक किलो लाकूड जळतं. चांगल्या बांधणीची चूल वीस ते पंचवीस टक्के उष्णता भांड्याला देते. तिथे तेच काम साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम लाकडात होतं. रोजच्या गडबडीत हिशेबाइतकी बचत हाती लागणार नाही. पण तिसरा हिस्सा जरी वाचला, तरी तीन मोळ्यांतली एक मोळी आणायची राहिली. डोक्यावरून मोळी वाहणाऱ्या बाईला त्याचा अर्थ सांगायला नको.

दुसरी गोष्ट लाकडापेक्षा मोठी आहे. ती म्हणजे धूर. धूर म्हणजे न जळता वाया गेलेलं जळणच. त्यात अतिशय बारीक कण असतात आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वास नसलेला विषारी वायू असतो. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. दमा, जुनाट खोकला, लहान मुलांचा न्यूमोनिया, हृदयाचे विकार, मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसं अकाली दगावली. हे काही परक्या देशांतलंच नाही. आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या चार खेड्यांत किर्क स्मिथ, अग्रवाल आणि दवे या संशोधकांनी चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासातली हवा मोजली आणि १९८३ साली ती प्रसिद्ध केली. ती शहरातल्या घाण हवेपेक्षा कितीतरी वाईट निघाली. चुलीपुढे कोण बसतं? घरची बाई. तिच्या मांडीवर, पाठीशी कोण असतं? तान्हं मूल. "धूर काय, लहानपणापासून सवय आहे," असं आजी म्हणतात. डोळ्यांना सवय होते, फुप्फुसाला होत नाही.

तेव्हा चूल बदलायची हे ठरलं. पण थांबा. मोडण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर श्रम आणि पैसा दोन्ही वाया जातील.

सुधारलेली चूल ही काही नवी कल्पना नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास मगन चूल तयार झाली. पुढे हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा प्रचार केला. हरियाणातल्या नाडा गावात १९८० नंतर मधू सरीन यांनी गावच्या बायकांना बरोबर घेऊन नाडा चूल घडवली. १९८१ मध्ये आपल्या कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, दोन भांड्यांची आणि धुराड्याची लक्ष्मी चूल साच्यातून काढून दिली. २००२ मध्ये सरकारी कार्यक्रम बंद झाला, तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद होती.

मग आज त्या चुली कुठे आहेत? बऱ्याच मोडल्या, बऱ्याच बुजल्या. असं का झालं याचं उत्तर ओडिशातून मिळतं. तिथे सुमारे २६०० घरांत धुराड्याच्या चुलींचा कित्येक वर्षं अभ्यास झाला. पहिल्या वर्षी घरातल्या माणसांच्या श्वासातला धूर कमी झाला. पण पुढच्या वर्षांत तो फायदा उरला नाही. चुलीला तडे गेले ते कुणी लिंपले नाहीत, नळी काजळीने भरली ती कुणी झाडली नाही आणि बायका पुन्हा जुन्या चुलीकडे वळल्या. बंधू-भगिनींनो, आजच्या भाषणाचं सार यात आलं. चूल नुसती बांधून भागत नाही. ती घरच्या बाईच्या कामाच्या मापाने बांधावी लागते आणि नंतर तिची निगा ठेवावी लागते. हे दोन्ही होणार असेल तरच जुनी चूल मोडा.

म्हणून पहिलं काम गवंड्याला बोलावण्याचं नाही. घरच्या बाईला विचारण्याचं आहे. रोज कुठली भांडी चढतात? बसून रांधायचं की ओट्यावर उभ्याने? डाव्या हाताने जाळ सारता की उजव्या? घरात माणसं किती? ही उत्तरं आधी घ्या. रोजच्या वापरातली दोन मोठी भांडी समोर ठेवा आणि त्यांच्या बुडाच्या मापाने चुलीची भोकं आखा.

आता जागा. चूल लाकडी कुडाला किंवा तट्ट्याला चिकटून नको. दार-खिडकीचा वारा थेट तोंडावर येईल अशी नको. नळी वर नेताना वासे, रिपा आणि आढं यांच्यापासून निदान वीतभर दूर राहील अशी जागा निवडा. छप्पर झापांचं किंवा पेंढ्याचं असेल तर नळी छपरातून मुळीच नेऊ नका. भिंतीतून बाहेर काढून छपरापासून दूर, मोकळ्यात वर न्या. तेही जमत नसेल तर चूल पडवीत किंवा मागच्या अंगणात आडोशाला घ्या.

माती कुठली घ्यावी? किनाऱ्याच्या लोकांनी इथे विशेष जपावं. समुद्राची वाळू आणि खाजणातली माती चुलीला घेऊ नये. त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, चूल घाम सुटल्यासारखी ओलसर राहते आणि लिंपण पापुद्र्याने सुटतं. चिकण माती किंवा वारुळाची माती चांगली. तीत गोडी वाळू, बारीक कापलेला पेंढा आणि शेण घालून चांगली तुडवा आणि दोन-चार दिवस ओली झाकून ठेवा. बांधण्यापूर्वी एक विटेएवढा गोळा करून सावलीत वाळवून पाहा. तडे गेले तर वाळू आणि पेंढा वाढवा. हाताने भुगा झाला तर चिकण माती वाढवा.

बांधणीची मोजमापं अशी. चुलीचं तोंड सहा इंच रुंद आणि पाच इंच उंच, याहून मोठं नको. तोंड मोठं ठेवलं की जाड ओंडके आत जातात आणि गार हवा भस्सकन शिरते. जमिनीपासून भांड्याच्या बुडापर्यंत साधारण सहा इंच ठेवावेत. लाकूड अधांतरी जळावं म्हणून खाली लोखंडी जाळी किंवा दोन सळ्या घाला. खालून हवा मिळाली की धूर तिथेच कमी होतो. पहिल्या भोकाकडून दुसऱ्या भोकाकडे, म्हणजे आपण ज्याला वैल म्हणतो तिकडे, चार इंचांचं बोगद्यासारखं भोक ठेवा. वैलाच्या तळाशी मातीचा उंचवटा करा, म्हणजे त्यावरून जाणारी गरम हवा दुसऱ्या भांड्याच्या बुडाला घासून जाईल. उंचवटा आणि बूड यांत दोन बोटांचं अंतर पुरे. भांडं भोकात नीट बसलं पाहिजे. कडेने जाळ दिसला की समजावं, उष्णता पळाली. चुलीच्या बाहेरच्या भिंतीत भाताच्या तुसाची राख भरली तर उष्णता धरून राहते. ही राख आपल्याकडे फुकट मिळते.

मग धुराडं. नळीचा आतला व्यास चार इंच असावा आणि ती छपरापासून दोन-तीन फूट वर, शक्य तर आढ्याच्याही वर काढावी. आपल्याकडे पावसाळ्यात नैऋत्येचा वारा जोराचा. नळी आखूड राहिली तर तो वारा कौलांवरून उलटून धूर परत घरात कोंबतो. वर पावसासाठी टोपी हवी, पण टोपी आणि नळी यांत चार इंचांची फट ठेवा. नळी कौलांतून जिथे बाहेर पडते तिथे पत्र्याची झालर बसवून सिमेंटने बुजवा, नाहीतर पहिल्या पावसात सगळं पाणी चुलीत येईल.

नळी कशाची घ्यावी? साधा पत्रा खाऱ्या हवेत गंजून लवकर चाळणी होतो. प्लॅस्टिकची पाइप कधीही वापरू नका. ती वितळते, पेटते आणि तिचा धूर विषारी असतो. पूर्वी ॲस्बेस्टॉस सिमेंटची पाइप सर्रास वापरत. तिची धूळ छातीत गेली तर कर्करोग होऊ शकतो हे आता सिद्ध झालं आहे. घरात जुनी असेल तर तिला करवत लावू नका, फोडू नका, नवी आणू नका. कुंभाराकडच्या भाजक्या नळ्या किंवा भिंतीबाहेर विटांचं बांधलेलं धुराडं, हे आपल्या किनाऱ्याला जास्त मानवतं. ऐपत असेल तर स्टेनलेस स्टीलची नळी टिकते.

चूल बांधून झाली की लगेच जाळ करू नका. पंधरा दिवस सावलीत वाळू द्या, तडे दिसतील ते लिंपत जा. मग दोन-तीन दिवस फक्त काटक्यांचा हलका जाळ करा आणि त्यानंतर रोजचा स्वयंपाक.

आता ज्या तक्रारी नेहमी ऐकू येतात त्यांचा विचार करू. पहिली तक्रार, "भाकरी फुगत नाही." तांदळाची भाकरी निखाऱ्यावर फुगते आणि नव्या चुलीचं तोंड लहान असतं, हे खरं. म्हणून तोंडापुढे हातभर लांब, सपाट कट्टा ठेवायला सांगा. निखारे पुढे ओढून त्यावर भाकरी उभी शेकता येते. दुसरी तक्रार, "वैलावर काही ठेवायचं नसतं." मग पाण्याचं पातेलं ठेवा. भोक उघडं राहिलं की सगळा धूर तिथून घरात येतो. पाणी आयतं गरम होतं, भांडी घासायला किंवा आंघोळीला कामी येतं.

तिसरी तक्रार मोठी माणसं करतात आणि ती खोटी नाही. "धुराने वासे टिकतात, किडा लागत नाही. माळ्यावरचं बियाणं सुकं राहतं." धूर हे काम करत होता हे मान्य. पण तेच काम दुसऱ्या रीतीने होतं. बियाण्याचं भात कडक उन्हात वाळवून, गार करून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात किंवा पिंपात भरा. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावा. कोकणात लाकडाला आणि होड्यांना ते लावण्याची चाल आहेच. मात्र ते कातडी भाजतं, तेव्हा हाताला गुंडाळून ब्रशने लावा आणि मुलांना दूर ठेवा. वासा कुजला तर बदलता येतो. घरच्या बाईची छाती बदलता येत नाही.

चूल चांगली आणि लाकूड ओलं, तर काही उपयोग नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीच असतं. आधी ते पाणी उडवण्यात जाळ खर्च होतो, चूल तापत नाही आणि धूर कोंडतो. शिवाय नळीत डिंकासारखा काळा थर बसतो आणि तो पुढे पेटू शकतो. लाकूडफाटा मनगटाहून जाड ठेवू नका. फोडून, दिवाळीनंतर उन्हात पसरून, पावसाआधी जमिनीपासून उंच मांडणीवर छपराखाली रचा. आगोटीची बेगमी करताना मीठ-मसाला, सुकट-बोंबील जसे भरता, तसंच चार महिन्यांचं कोरडं जळणही भरा.

आणि नळी झाडायला विसरू नका. काथ्याचा घट्ट बोळा काठीला किंवा दोरीला बांधून दर पंधरा दिवसांनी नळी वरून खाली झाडावी. आतला बोगदा आठवड्याला राखेतून मोकळा करावा. शनिवार ठरवा, अमावास्या-पौर्णिमा ठरवा, पण दिवस ठरवा. हे काम घरच्या पुरुषाने अंगावर घ्यावं. बाई रांधते, सारवते, मोळी आणते. नळी झाडणं एवढं तरी दादा लोकांनी करावं, त्यात कमीपणा नाही.

एक धोक्याची सूचना. बाळंतिणीला शेक देण्यासाठी निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवण्याची चाल आहे. दारं-खिडक्या लावून अशी शेगडी कधीही ठेवू नका. निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. धुराडं असलेल्या खोलीतही एक झरोका कायम उघडा हवा.

ज्यांच्याकडे गुरं आहेत त्यांनी गोबर गॅसचाही विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजं शेण लागतं. तेवढं शेण मिळत असेल तर इंधनही मिळतं आणि मळीचं खतही वाडीला जातं. फिरती चूल विकत घ्यायची असेल तर तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचा शिक्का पाहा. साध्या, पंखा नसलेल्या लाकडाच्या चुलीची क्षमता त्या मानकाप्रमाणे निदान २५ टक्के असावी लागते.

चांगली चूल घरात असणं किती गरजेचं, ते ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दाखवून दिलं. अलिबागपासून मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरपर्यंत छपरं उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती, रस्ते बंद पडले. अशा वेळी टाकी संपली तर दारातलं लाकूडच उपयोगी पडतं. ज्या घरात ते धुराशिवाय जाळायची सोय आहे, ते घर अडचणीतही नीट जेवतं. मात्र वादळानंतर नळी उखडली नाही ना, टोपी बसली आहे ना, हे पाहिल्याशिवाय चूल पेटवू नका.

शेवटी एक सोपा प्रयोग सुचवतो. जुन्या चुलीवर तीन दिवस रोजचं लाकूड काट्यावर तोलून भिंतीवर लिहून ठेवा. नवी चूल रुळली की पुन्हा तीन दिवस तोला. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल. दर वर्षी पावसाआधी एकदा असं तोलून पाहा. लाकूड वाढलेलं दिसलं तर समजा, कुठेतरी तडा गेला आहे किंवा नळी भरली आहे.

थोडक्यात, हे लक्षात ठेवा :

१. चूल दिवाळी ते शिमगा या दिवसांत बांधा, पंधरा दिवस सावलीत वाळवा.
२. माप घरच्या भांड्यांचं आणि घरच्या बाईच्या सोयीचं.
३. समुद्राची वाळू आणि खाजणाची माती नको.
४. नळी चार इंचांची, छपराच्या दोन-तीन फूट वर, लाकडापासून वीतभर दूर. प्लॅस्टिक आणि ॲस्बेस्टॉस नको.
५. दोन्ही भोकांवर भांडी ठेवूनच जाळ करा.
६. लाकूड कोरडं आणि बारीक फोडलेलं.
७. नळी दर पंधरा दिवसांनी झाडा, तडा दिसला की त्याच दिवशी लिंपा.
८. नवी चूल नीट चालू झाली की जुनी मोडून टाका. दोन्ही ठेवल्या तर धूर परत येतो.

आपल्या आळीत दोन-तीन घरांनी मिळून एकाच वेळी चुली बांधल्या तर माती तुडवायला हात मिळतात आणि एकीचं चुकलं ते दुसरीला सुधारता येतं. यंदा आगोट लागायच्या आत एवढं काम उरका.